केस मागे घेताय? सही करण्यापूर्वी एवढे वाचा

'जाऊ दे, मिटवून टाक!' हे चार शब्द ऐकले नाहीत अशी बाई आपल्याकडे विरळाच. घरातले किंवा भावकीतले भांडण पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत गेले, की पंधरा दिवसांत हे शब्द चहूकडून कानावर येऊ लागतात. मामंजी म्हणतात, घराण्याची अब्रू गेली. माहेरी आई म्हणते, पोरी, तुझ्या धाकट्या बहिणीचे अजून व्हायचे आहे. शेजारच्या काकू म्हणतात, कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये. आणि एके दिवशी दीर किंवा गावातला एखादा जाणता माणूस कागद पुढे करतो : 'वहिनी, इथे फक्त सही करा. बाकीचे आम्ही बघतो.'

हा लेख त्या सहीविषयी आहे. सही करावी की करू नये, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. तुमचा संसार तुम्ही जाणता. भांडण मिटवण्यात कमीपणा नाही आणि न मिटवण्यात आडमुठेपणाही नाही. पण दुधाची पिशवी घेतानासुद्धा आपण तारीख पाहतो, मग ज्या कागदाने पुढची दहा वर्षे ठरणार तो न वाचता कसा चालेल? केस मागे घेणे म्हणजे नेमके काय, कोणती केस मागे घेता येते, कोणती येत नाही, आणि एकदा घेतली की पुन्हा उभी करता येते का, एवढे तरी प्रत्येकीला ठाऊक हवे.

गाव बदलले, भांडणे बदलली

उदाहरणासाठी पुण्याजवळचे निघोजे घेऊ. खेड तालुक्यातले, इंद्रायणीकाठचे हे गाव. नदीच्या पलीकडे तळवडे, अलीकडे चाकणची औद्योगिक वसाहत. महिंद्राचा मोटारींचा मोठा कारखाना याच गावच्या हद्दीत आहे. जिथे ज्वारी-बाजरी व्हायची तिथे आता कंपन्यांच्या बस फिरतात, आणि घरोघर मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्यांची चाळ उभी आहे.

गाव असे बदलले की भांडणेही बदलतात. पूर्वी बांधावरून व्हायची, ती आता जमिनीच्या मोबदल्यावरून होतात. भाऊ बहिणीकडे हक्कसोडपत्र मागतो. भाडेकरू भाडे थकवतो. बचत गटातल्या मैत्रिणीला हातउसने दिलेले पैसे चेकने परत येतात आणि तो चेक वटत नाही. सुनेने माहेरचा जमिनीतला वाटा आणावा, म्हणून सासरी टोमणे सुरू होतात आणि टोमण्यांवरून हात उगारण्यापर्यंत मजल जाते. या प्रत्येक भांडणाची केस निराळी, आणि ती मागे घेण्याची वाटही निराळी. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

केस तुमची की सरकारची?

सर्वांत मोठा गैरसमज असा, की 'केस मी केली, तेव्हा मीच ती मागे घेऊ शकते.' हे अर्धेच खरे आहे.

तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात आणि साध्या अर्जावर तक्रार दिली, किंवा महिला सहाय्य कक्षात दोघांना बोलावून समजूत घालण्याचे काम चालू आहे, तोवर गोष्ट तुमच्या हातात असते. 'मला पुढे काही करायचे नाही' असा जबाब तुम्ही देऊ शकता. साधी शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की असेल तर पोलीस 'एन.सी.' म्हणजे अदखलपात्र गुन्हा नोंदवतात. तिचा तपास मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय होत नाही, त्यामुळे पुष्कळदा ती वहीतच राहते.

पण दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, म्हणजे एफ.आय.आर., नोंदवली गेली की चित्र पालटते. त्या घडीपासून तुम्ही केवळ फिर्यादी, म्हणजे पहिल्या साक्षीदार. केस चालवणार सरकार. कोर्टाच्या बोर्डावर 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असे लागते, ते याच कारणाने. मग पोलीस ठाण्यातला कोणी कितीही ओळखीचा असला तरी त्याला फिर्याद फाडून टाकता येत नाही. तपास पुरा करून त्याला कोर्टात आरोपपत्र तरी धाडावे लागते, नाहीतर 'समरी' तरी. महाराष्ट्रात या समरीचे तीन प्रकार आहेत : गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तेव्हा 'अ', फिर्याद मुद्दाम खोटी केलेली असेल तेव्हा 'ब', आणि गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तेव्हा 'क'. हे तीन वर्ग लक्षात ठेवा. पुढे 'ब'चा संबंध येणार आहे.

तिसरा प्रकार खासगी फिर्यादीचा. इथे तुम्ही पोलिसांकडे न जाता वकिलामार्फत थेट मॅजिस्ट्रेटपुढे जाता. न वटलेल्या चेकची केस या जातीची. ही मात्र पुष्कळशी तुमची स्वतःची असते.

सोप्याकडून अवघडाकडे

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमे लागतात, म्हणून वकिलांच्या तोंडी दोन्ही आकडे येतील. गोंधळून जाऊ नका.

पहिली वाट खासगी फिर्याद काढून घेण्याची. नव्या संहितेचे कलम २८०, जुने २५७. कमी शिक्षेच्या, म्हणजे समन्स पद्धतीने चालणाऱ्या केसमध्ये शेवटचा निकाल होण्यापूर्वी फिर्यादी अर्ज देऊ शकते, की मला ही फिर्याद चालवायची नाही. कारण पुरेसे आहे असे मॅजिस्ट्रेटला वाटले तर तो परवानगी देतो आणि आरोपी निर्दोष सुटतो. चेकच्या केसमध्ये तर दोघांची तडजोड केव्हाही होऊ शकते. उलट उशीर करणाऱ्याला भुर्दंड बसतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की पहिल्या-दुसऱ्या तारखेला मिटवले तर काही नाही, पण त्यानंतर मिटवायचे तर आरोपीने चेकच्या रकमेच्या दहा टक्के, वरच्या कोर्टात पंधरा आणि सर्वोच्च न्यायालयात वीस टक्के रक्कम विधी सेवा प्राधिकरणाकडे भरावी. २०२५ साली हे प्रमाण कमी करण्यात आले, पण तत्त्व तेच राहिले. तेव्हा 'वहिनी, आधी केस काढा, मग पैसे देतो' असे कोणी म्हणाले, तर हसून सांगा : 'आधी पैसे खात्यात येऊ देत, मग मी पुढच्याच तारखेला अर्ज देते.'

दुसरी वाट आपसात तडजोडीची. कलम ३५९, जुने ३२०. कायद्याने दोन याद्याच करून ठेवल्या आहेत. पहिल्या यादीतले गुन्हे कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटतात. साधी मारहाण, अपमान करून चिथावणे, साधी धमकी, दुसऱ्याच्या जागेत घुसणे हे यात येतात. भावकीच्या भांडणात दोन्ही बाजूंनी एकमेकांवर जी कलमे लागतात, ती बहुतेक याच यादीतली. दुसऱ्या यादीतले गुन्हे कोर्टाने परवानगी दिली तरच मिटतात. जबर दुखापत, फसवणूक, विश्वासघात, एक बायको असताना दुसरे लग्न, हे त्यात आहेत.

इथे एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा. तडजोड करण्याचा हक्क ज्याला इजा झाली त्याचा असतो. मार तुम्हांला बसला असेल तर मिटवायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. तुमच्या वतीने नवऱ्याने, दिराने, सासऱ्याने 'आमचे मिटले' असे कोर्टात सांगून चालत नाही. दुसऱ्या लग्नाच्या केसमध्येही परवानगीचा अर्ज पहिल्या बायकोचाच लागतो.

तिसरी वाट आपल्या हातात नसते. सरकारी वकील स्वतः खटला मागे घेऊ शकतो. कलम ३६०, जुने ३२१. आंदोलनातल्या पोरांवरच्या केसेस सरकारने मागे घेतल्या, असे आपण पेपरात वाचतो, ते या कलमाखाली. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली होती, ती या भागातल्या आयांना आठवत असेल. पण तिथेही नुसते मंत्र्यांनी जाहीर करून भागत नाही. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाला तो पटावा लागतो. नव्या संहितेने एक चांगली भर घातली आहे : ज्याचे नुकसान झाले, त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्टाने अशी परवानगी द्यायची नाही.

सासरच्या छळाची केस : निघोजे ते मुंबई

आता सर्वांत नाजूक विषय. नवरा आणि सासरची माणसे छळ करतात, त्याचे जुने कलम ४९८-अ. नव्या संहितेत कलम ८५ आणि ८६. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे कलम २५ डिसेंबर १९८३ पासून अमलात आले. त्या वर्षांत देशभर सुनांच्या जळून मरण्याच्या बातम्या येत होत्या. आपल्या पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्या खटल्याने सारा महाराष्ट्र हादरला. खालच्या कोर्टांनी नवऱ्याला दोषी धरले, पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी त्याला सोडले. बायका मोर्चे काढत होत्या, त्या काळात हा कायदा झाला.

कायदा करणाऱ्यांना एक भीती होती. सुनेला तडजोडीची मुभा दिली तर दुसऱ्याच दिवशी सगळे मिळून तिच्यावर दडपण आणतील. म्हणून हा गुन्हा तडजोडीच्या दोन्ही यादींत घातला नाही. हुंडाबंदी कायद्याखालचे गुन्हेही तसेच, आपसात न मिटणारे.

हेतू चांगला, पण त्यातून एक अडचण निघाली. समजा, निघोज्यातल्या एका सुनेने तीन वर्षांपूर्वी फिर्याद दिली. आता दोघांचे ठरले, की वेगळे व्हायचे. पोटगीची रक्कम ठरली, स्त्रीधन परत मिळाले, परस्परसंमतीने घटस्फोट व्हायचा आहे. किंवा त्याहून बरे, नवरा सुधारला, दोघे वेगळे बिऱ्हाड करून राहू लागली, एक मूलही झाले. तिला केस नको आहे. ती राजगुरुनगरला तालुक्याच्या कोर्टात जाते. मॅजिस्ट्रेट म्हणतात, बाई, मला हा अधिकार नाही. लोक अदालतीत जाते. तिथेही तेच, कारण आपसात न मिटणारा गुन्हा लोक अदालतीच्या कक्षेत येत नाही. मग उरते मुंबईचे उच्च न्यायालय.

उच्च न्यायालयाला एक खास अधिकार आहे. न्यायाच्या हितासाठी ते अशी फिर्याद रद्द करू शकते. कलम ५२८, जुने ४८२. २००३ साली बी. एस. जोशी विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नवरा-बायकोचे खरोखर मिटले असेल तर यादीत नाव नाही म्हणून उच्च न्यायालयाने हात बांधून बसू नये. २०१२ साली ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते पक्के केले.

म्हणजे वाट आहे, पण लांबची. वकील मुंबईचा लागतो. अर्ज नवऱ्याकडचे करतात, पण तुमचे संमतीचे प्रतिज्ञापत्र लागते, आणि साधारणपणे तुम्हांला ओळखपत्र घेऊन समक्ष उभे राहावे लागते. न्यायमूर्ती स्वतः विचारतात, 'तुमच्यावर कोणी दबाव आणला आहे का?' पहाटेची गाडी, मुलाला कोणाकडे तरी ठेवणे, एक खाडा, आणि तारीख पुढे गेली की पुन्हा तीच यातायात. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईच.

हीच गोष्ट २०२२ साली उच्च न्यायालयानेच बोलून दाखवली. पुण्याकडच्या एका कुटुंबाची तडजोड झाली होती आणि फिर्याद रद्द करण्याचा अर्ज न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्यापुढे आला. त्यांनी नमूद केले, की असे संमतीचे निदान दहा अर्ज रोज आमच्यापुढे येतात. खेड्यापाड्यांतून लोकांना प्रवासाचा, राहण्याचा आणि वकिलाचा खर्च सोसून इथवर यावे लागते, नोकरी करणाऱ्यांना रजा काढावी लागते. म्हणून हा गुन्हा कोर्टाच्या परवानगीने मिटवता येईल असा करावा, असे त्यांनी केंद्र सरकारला सुचवले. आंध्र प्रदेशाने २००३ सालीच तशी दुरुस्ती केली होती, आणि तीही शहाणपणाने : अर्ज दिल्यापासून तीन महिने थांबायचे, तेवढ्या काळात बाईला वाटले तर तिने अर्ज परत घ्यायचा. विधी आयोगानेही परवानगीची वाट खुली करावी अशी शिफारस केली होती. तरी २०२४ च्या नव्या संहितेत ही सोय आलेली नाही.

यावर दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. एक म्हणते, बाईला कळते, तिला तिच्या तालुक्यातच मिटवू द्या. दुसरे म्हणते, तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात सासरची दहा माणसे उभी असतात, मुंबईच्या न्यायमूर्तींपुढे ती निदान मोकळेपणाने बोलेल. तुम्हांला कोणते पटते, याचा विचार करून ठेवा. उद्या कायदा बदलताना बायकांचे मत विचारले जावे, असे आपल्यालाच म्हणावे लागेल.

जे मिटवता येत नाही, ते नाहीच

खून, बलात्कार, दरोडा, हुंडाबळी, लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार. हे गुन्हे एकट्या-दुकट्याविरुद्ध घडले तरी ते साऱ्या समाजाविरुद्धचे मानतात. 'पैसे घ्या आणि गप्प बसा', 'त्याच्याशीच लग्न लावून देऊ', असे कोणी सुचवले तर ते तडजोड म्हणून चालायचे नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका प्रकरणात हे पुन्हा ठासून सांगितले. शाळेतल्या मुलीशी शिक्षकाने केलेल्या गैरवर्तनाची केस मुलीच्या वडिलांशी समझोता झाला म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवला आणि खटला पुन्हा सुरू केला.

बाईचा विनयभंग हाही पूर्वी कोर्टाच्या परवानगीने मिटत असे. २००९ च्या अखेरीपासून तो यादीतून काढला आहे. गावात अजूनही पंच मंडळी बसून असली प्रकरणे माफीवर आणि दंडावर मिटवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

'तक्रार खोटी होती' असे लिहू नका

आता 'ब' समरीकडे येऊ. मिटवताना समोरची बाजू एक वाक्य हळूच घालते : 'मी रागाच्या भरात खोटी फिर्याद दिली होती.' त्यांना वाटते, म्हणजे केस लवकर संपेल. बाईलाही वाटते, काय फरक पडतो? फरक पडतो. खोटी माहिती देणे आणि खोटा आरोप करणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत. नव्या संहितेत कलमे २१७ आणि २४८. मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर एक जबाब दिलेला असेल आणि साक्षीच्या वेळी उलटे सांगितले, तर खोट्या साक्षीचे प्रकरणही अंगाशी येऊ शकते. साक्षीदार फितूर म्हणून जाहीर होतो, तो प्रकार हाच. पुढे खरोखर पुन्हा छळ झाला आणि तुम्ही ठाण्यात गेलात, तर हाच कागद दाखवून म्हणतील, बाईला खोट्या तक्रारी करायची सवयच आहे.

झालेली गोष्ट झाली होती. मिटवायचे असेल तर कागदात असे असावे : 'उभयपक्षी वाद मिटला आहे, मला फिर्याद पुढे चालवायची नाही, हे मी स्वखुशीने लिहून देत आहे.' एवढे पुरते. खोटेपणा कबूल करण्याची गरज कुठेही नाही. आणि फिर्याद खरोखरच वाढवून दिली असेल, ननंदेचे नाव उगाच गोवले असेल, तर ते आपल्या स्वतःच्या वकिलाला एकांतात सांगा आणि त्याच्या सल्ल्याने वाट काढा.

एकदा गेलेली केस परत येत नाही

तडजोड मंजूर झाली की आरोपी 'निर्दोष मुक्त' होतो. त्याच घटनेवरून त्याच्यावर पुन्हा खटला भरता येत नाही. खासगी फिर्याद काढून घेतली तरी तेच. 'आत्ता काढते, पुन्हा वागला तसा तर परत करीन,' असे मनात असेल तर ते चुकीचे आहे. नवी मारहाण झाली तर नवी फिर्याद देता येईल, पण जुनी संपली ती संपली.

उलटही खरे आहे. ठरलेले सगळे पदरात घेतले, घटस्फोटही झाला, आणि मग 'केस मात्र मी काढणार नाही' म्हटले, तर कोर्ट ते चालू देत नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात बायकोची फिर्याद रद्द केली. म्हणून दोन्ही बाजूंनी देणेघेणे एकाच वेळी, कोर्टाच्या नजरेखाली व्हावे, हे उत्तम.

सही करण्यापूर्वीची उजळणी

सामानाच्या यादीसारखी ही यादी कागदावर लिहून काढा आणि एकेक खूण करा.

१. वकील तुमचा स्वतःचा हवा. समोरच्याने 'आमचेच वकील दोघांचे बघतील' म्हटले तरी नको. पैशाची अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

२. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपपेपरवर सही किंवा अंगठा कदापि नको. प्रत्येक पान वाचून, प्रत्येक पानावर सही. तडजोडीच्या गठ्ठ्यात जमिनीचे हक्कसोडपत्र सरकवलेले असते, असेही घडते. केस आणि वाटा या दोन निराळ्या गोष्टी आहेत; एकीबरोबर दुसरी सोडण्याचे कारण नाही.

३. कबूल केलेली प्रत्येक गोष्ट लेखी हवी. रक्कम किती, कोणत्या तारखेला, डिमांड ड्राफ्टने की खात्यात. हप्ते असतील तर शेवटचा हप्ता उच्च न्यायालयातल्या किंवा मॅजिस्ट्रेटपुढच्या शेवटच्या सहीच्या दिवशी ठेवा.

४. स्त्रीधनाची यादी करा : दागिने वजनासह, भांडी, कपाट, फ्रिज. मिळाले त्यापुढे 'मिळाले' लिहा, न मिळाले त्यापुढे रिकामे सोडू नका.

५. मुलांचे नीट लिहून घ्या. ताबा कोणाकडे, भेट केव्हा, शाळेचा खर्च कोणाचा. स्वतःची पोटगी तुम्ही सोडू शकाल, पण मुलाचा हक्क तो मुलाचा. 'मुलासाठीही काही मागणार नाही' असे वाक्य लिहू नका.

६. किती केसेस आहेत ते मोजा. छळाची फिर्याद, घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्ज, पोटगीचा अर्ज, घटस्फोट. प्रत्येक वेगळ्या ठिकाणी चालू असेल. कोणती कोणत्या दिवशी संपणार, हे तडजोडीत नावानिशी हवे. नांदायला परत जात असाल तर संरक्षणाचा हुकूम घाईने सोडू नका.

७. तारखेला न जाणे म्हणजे केस मागे घेणे नव्हे. खासगी फिर्यादीत तुम्ही गैरहजर राहिलात तर मुदत देऊन शेवटी आरोपी सुटू शकतो. पोलीस केसमध्ये साक्षीला गेला नाहीत तर तुमच्याच नावाने वॉरंट निघते.

८. सगळे झाल्यावर हुकमाची प्रमाणित नक्कल काढा आणि रेशनकार्ड, सातबाऱ्याशेजारी जपून ठेवा.

काही नेहमीच्या शंका

*पोलीस म्हणतात, 'बाई, इथेच लिहून द्या, झाले.'* तुमचा जबाब ते नोंदवतील, पण फिर्याद दाखल झाली असेल तर ती संपवण्याचा अधिकार कोर्टाला. 'झाले' हा शब्द कोर्टाच्या हुकमातच वाचावा.

*शिक्षा झाल्यावर मिटवता येते का?* अपील चालू असेल तर अपिलाच्या कोर्टाची परवानगी घेऊन, यादीतला गुन्हा असल्यास, येते.

*दबाव टाकून सही घेतली असेल तर?* कोर्टाचा अंतिम हुकूम होण्याच्या आत न्यायाधीशांना सांगा, उभे राहून, तोंडाने. 'साहेब, मला हे मान्य नाही.' वकिलाने सांगेपर्यंत थांबू नका. धमकी येत असेल तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहे.

*मी केस मागे घेतली नाही तर लोक नावे ठेवतील.* ठेवतील. आणि घेतली तरी ठेवतील. 'पैसे घेऊन गप्प बसली' म्हणणारे तेच असतात. म्हणून लोकांचा हिशेब या यादीत धरूच नका.

मैत्रिणींनो, न्यायाधीश शेवटी एकच विचारतात : 'हे तुम्ही स्वखुशीने करता आहात का?' उत्तराला दोन सेकंदही लागत नाहीत. ते उत्तर 'हो' असो की 'नाही', ते देण्यापूर्वी निदान आठवडाभर सवड मागून घ्या, कागद घरी आणा, दुपारची झाकपाक झाल्यावर निवांत दोनदा वाचा, न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तेवढ्या ओळी वकिलाला विचारा. आठवड्याची सवडही द्यायला जो तयार नाही, त्याच्या तडजोडीत काहीतरी दडलेले आहे असे खुशाल समजा.